काटा थांबल्यानंतरची वर्षं

माझं वजन कमी करण्याचं ऑपरेशन २०१२ साली झालं. तेव्हापासून मला ऑपरेशनबद्दल पुष्कळांनी विचारलं आहे. किती टाके पडले, खर्च किती आला, कामावर कधी गेलीस, किती किलो उतरले. नातेवाइकांनी विचारलं, ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, पनवेल गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनेही एकदा विचारलं. पुढच्या वर्षांबद्दल मात्र कुणी विचारत नाही. चौथ्या वर्षी काय झालं, आठव्या वर्षी पहाटे उठावंसं कशामुळे वाटलं, दहाव्या वर्षी रक्ताच्या तपासण्या आठवणीने कोण करतं, हे कुणाला ऐकायचं नसतं. मला तेच सांगायचं आहे. ऑपरेशन दोनेक तासांत उरकलं, बाकीचं अजून चालू आहे.

आधीचं थोडक्यात सांगते. मी नेरूळला राहते, नोकरी बेलापूरच्या एका सरकारी कार्यालयात. उंची पाच फूट एक इंच आणि वजन तेव्हा ११२ किलो. छत्तिसाव्या वर्षी मधुमेह निघाला, पाठोपाठ रक्तदाब. डाएट करून झालं होतं, उपास करून झाले होते, काढे झाले होते. वजन उतरायचं, पुन्हा चढायचं आणि चढताना दोन किलो जास्तीचे घेऊन यायचं. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी आली. ते तेव्हा भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. तोपर्यंत हा पैसेवाल्यांचा हट्ट आहे असंच आमच्या घरी समजलं जाई. त्या बातमीनंतर यजमान पहिल्यांदा म्हणाले, "डॉक्टरांना विचारून तर बघू." विमा कंपनीने लठ्ठपणावरच्या उपचाराला पैसे मिळत नाहीत असं कळवलं, तेव्हा भविष्यनिर्वाह निधीतून पैसे काढले. आता ती परिस्थिती बदलली आहे. २०१९ मध्ये विमा नियामकाने अपवादांचे नियम सगळ्या कंपन्यांना सारखे करून दिले, त्यानुसार बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असेल आणि डॉक्टरांचा सल्ला असेल, तर हे ऑपरेशन विम्यात बसू शकतं. ज्यांच्या घरी हा विषय चालू असेल त्यांनी पॉलिसीचा कागद नीट वाचावा.

माझं ऑपरेशन स्लीव्ह प्रकारचं. जठराचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग कापून काढतात आणि एक अरुंद नळी मागे ठेवतात. भाग कमी झाला म्हणून जेवण कमी जातं, हे सगळ्यांना कळतं. दुसरी गोष्ट कमी जणांना माहीत असते. काढलेल्या भागातच घ्रेलिन नावाचं भूक चाळवणारं संप्रेरक जास्त तयार होतं. १९९९ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. तो भाग गेल्यावर माझी भूकच गेली. आयुष्यात पहिल्यांदा मी दुपारी दोन वाजता फाइल बघत बसले होते आणि डबा उघडायचा राहून गेला होता.

पहिलं दीड वर्ष असं होतं की मी फारसं काही केलं नाही आणि वजन उतरत राहिलं. केस मूठमूठ गळले, पुढे आले. जुने पंजाबी ड्रेस कामवाल्या ताईंना दिले. साखरेची गोळी बंद झाली, रक्तदाबाची अर्ध्यावर आली. काटा ७९ वर आला. लग्नानंतर मी ७९ कधी पाहिले नव्हते. रोज सकाळी चालायला जात होते आणि आपल्याला चालायची आवड लागली असं सगळ्यांना सांगतही होते. दर शुक्रवारी काट्यावर उभी राहिले की तो काहीतरी देत होता, कधी किलो, कधी पाव किलो. हळदीकुंकवाला गेलं की बायका घोळका करत. त्या कौतुकावर आणि त्या पाव किलोवर माझं चालणं चाललं होतं, हे मला पुढे कळलं.

तिसऱ्या वर्षी काटा थांबला आणि चौथ्या वर्षी उलटा फिरायला लागला.

हे माझ्या एकटीचं झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. स्वीडनमध्ये १९८७ पासून एक मोठा अभ्यास झाला. त्यात वजनाची शस्त्रक्रिया केलेल्या सुमारे दोन हजार लोकांची आणि तशाच, पण शस्त्रक्रिया न केलेल्या तेवढ्याच लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली. ऑपरेशन झालेल्यांचं वजन सर्वांत कमी भरलं ते पहिल्या एक-दोन वर्षांत. मग ते थोडं थोडं वाढलं आणि आठव्या-दहाव्या वर्षाच्या सुमाराला स्थिरावलं. जठराचं बायपास ऑपरेशन झालेल्यांनी सुरुवातीला ३२ टक्के वजन गमावलं होतं, दहा वर्षांनी तो आकडा २५ टक्के होता. म्हणजे बरंचसं टिकलं, थोडं परत आलं. आणि २००७ मध्ये त्याच अभ्यासाचे निकाल आले तेव्हा ऑपरेशन झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण स्पष्टपणे कमी दिसलं. हा सगळा हिशेब मला कुणी दुसऱ्या वर्षीच समोर बसवून सांगितला असता तर पुढची दोन वर्षं मी इतकी खचले नसते. वजन थोडं परत येणं हा या उपचाराच्या वाटेवरचा अपेक्षित टप्पा आहे. आपल्याकडे त्याला बाईचा आळस म्हणतात.

आणि म्हणतात ते तोंडावर. एका लग्नात पंगतीला बसले होते. समोरून वाढत येणाऱ्या एका मावशींनी जिलबीचं ताट पुढे केलं. मी नको म्हटलं. त्या म्हणाल्या, "घे गं, एवढं ऑपरेशन करून परत भरलीसच, आता एका जिलबीने काय होणार आहे?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. त्या मला लहानपणापासून ओळखतात आणि वाढणं हे त्यांचं प्रेम आहे. पण त्या दिवसानंतर मी बरेच महिने चालायला गेले नाही. चालण्याच्या ट्रॅकवर ओळखीचं कुणी भेटेल आणि माझ्याकडे वरून खाली बघेल, या विचारानेच बूट घालायचे राहून जात.

शरीरात काय चाललं होतं तेही सांगायला हवं. वजन खूप उतरलं की शरीर काटकसरीला लागतं, बसल्या जागी पूर्वीपेक्षा कमी उष्मांक खर्च करतं. चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की खर्च आणखी कमी होतो. भूक हळूहळू परत येते. नळी थोडी सैल पडते. भरीव जेवण अजूनही अडतं, पोळी-भाजीचे चार घास झाले की छातीशी दाटतं. चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम मात्र सरसर उतरतं, त्याला नळी अडवत नाही. ऑफिसात संध्याकाळी चारला चहाबरोबर फिरणारा फरसाणचा डबा ही माझी घसरायची जागा होती. डॉक्टरांनी हे चित्र काढून दाखवलं होतं, तरी जेवताना पोट लगेच भरतं म्हणून आपण कमीच खातो असं मला मनापासून वाटत असे.

पाचव्या वर्षी मी ८९ वर होते. साखरेची गोळी परत सुरू झाली. मग मी उत्साह आणण्याचे सगळे प्रकार केले. मोबाईलवर पावलं मोजणारं अ‍ॅप घेतलं. रोज दहा हजार पावलं हा आकडा त्यात आधीच भरलेला होता. पुढे कळलं की १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि तिथून हा आकडा जगभर गेला. माझ्या गुडघ्यांना तो आकडा मानवत नव्हता. साडेसहा हजारांवर दिवस संपला की अ‍ॅप लाल दिसे, आणि पुढच्या दिवशी उठायची इच्छा आणखी कमी होई. मैत्रिणींशी पैज लावली, नवी साडी घ्यायचं ठरवलं, डिसेंबरातल्या भाचीच्या लग्नापर्यंत पाच किलो असं कॅलेंडरवर लिहिलं. लग्न झालं की पुढे काय, हे त्या कॅलेंडरवर लिहिलेलं नव्हतं.

पैजेने वजन उतरत नाही असं मी म्हणणार नाही. २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत गडकरींनी तिथले खासदार अनिल फिरोजिया यांना सांगितलं की तुम्ही जितके किलो उतरवाल त्या प्रत्येक किलोमागे मतदारसंघाला हजार कोटींची कामं देतो. फिरोजियांनी खरोखरच काही महिन्यांत पुष्कळ वजन उतरवलं. अख्ख्या मतदारसंघाचे रस्ते पाठीशी असले तर माणूस पहाटे उठेलच. माझा अनुभव असा की बक्षीस बाहेरून आलं की ते संपतंही बाहेरूनच, आणि मला तर पंचवीस-तीस वर्षं पुरेल असं काहीतरी हवं होतं.

तपासणीला गेले तेव्हा तिथल्या आहारतज्ज्ञ मॅडमनी, वयाने माझ्या मुलीएवढ्या, एक गोष्ट सांगितली. "काकू, महिनाभर काटा कपाटावर ठेवा. वहीत वजन लिहू नका, फक्त किती वेळ चाललात तेवढं लिहा." मला ते पटलं नाही. अमेरिकेत वजन उतरवून टिकवलेल्या हजारो लोकांची एक नोंदवही आहे, रीना विंग आणि जेम्स हिल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेली. त्यातले बहुतेक लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं आणि तेच मॅडमना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "तेच लोक दिवसाला सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि जास्त करून चालतातच. ते तुम्ही वाचलं नाहीत का?" मी वाचलं होतं.

काटा कपाटावर गेला, पण पायांना कारण हवं होतंच. ते आमच्याच इमारतीत सापडलं.

वरच्या मजल्यावर एक काकू राहतात, निवृत्त शिक्षिका. २०१७ मध्ये त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. मुलगा परदेशात, काका हृदयाचे रुग्ण. फिजिओथेरपिस्टचं येणं संपलं आणि काकूंचं चालणं थांबलं. एकट्याने लिफ्टने उतरून रस्त्यावर जायची त्यांना भीती बसली होती. एका रविवारी त्यांनी जिन्यात मला धरलं. "तू जातेस ना सकाळी? मला फक्त गेटपर्यंत ने." मी बऱ्याच दिवसांत गेले नव्हते, पण तसं त्यांना सांगणं जिवावर आलं. दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी खाली उतरले तर त्या आधीच येऊन बाकावर बसल्या होत्या. पांढरे बूट, त्यांच्या नाडीची गाठ बांधता येत नाही म्हणून मोकळी सोडलेली, हातात काठी, आणि साडीऐवजी आयुष्यात पहिल्यांदा घातलेला पंजाबी ड्रेस. मी खाली बसून नाड्या बांधल्या. गेटपर्यंत गेलो आणि परत आलो.

त्यानंतर रोज त्या नाड्या बांधायला मला खाली जावंच लागलं. झोप आली असली, रात्री उशीर झाला असला, आदल्या दिवशी कुणी काही बोललं असलं, तरी पावणेसहाला त्या बाकावर एक बाई माझी वाट बघत बसलेली असे. मी गेले नाही तर तिचं चालणं बुडणार होतं. माझं वजन या व्यवहारात कुठेच नव्हतं. गेटपासून कोपऱ्यावरच्या दूधकेंद्रापर्यंत, मग उद्यानापर्यंत, मग काही महिन्यांनी रिक्षाने जाऊन पाम बीच रस्त्यालगतच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईपर्यंत. काकू आता ऐंशीच्या पुढे गेल्या आहेत. वेग कमी झाला आहे, म्हणून मी आधी त्यांच्याबरोबर एक हळू फेरी मारते, त्यांना बाकावर मैत्रिणींमध्ये बसवते आणि मग माझ्या वेगाने सुटते.

ज्वेलबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत, कारण आमच्या शहराची ही गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. १९७० मध्ये सिडको, हे शहर वसवणारी सरकारी संस्था, स्थापन झाली आणि खाडीकाठची सखल, खारफुटीची आणि मिठागरांची जमीन भरून हे शहर उभं राहिलं. भरतीच्या वेळी पाऊस आला तर पाणी खाडीत जायला वाव नसतो, म्हणून शहराच्या विभागाविभागांतून धारण तलाव ठेवले. भरतीला दारं बंद, पाणी तलावात साचतं, ओहोटी लागली की खाडीत जातं. ज्वेलचा ट्रॅक अशाच एका धारण तलावाभोवती आहे. शहर बुडू नये म्हणून ठेवलेल्या पाण्याभोवती आज रोज सकाळी शेकडो लोक चालतात. सारसोळे, करावे, नेरूळ गावातले आगरी-कोळी आजोबा असतात, बँकेतले निवृत्त लोक असतात, नाइट शिफ्ट संपवून आलेली आयटीतली मुलं असतात. मधुमेहवाल्यांचा एक गट आहे, त्यात कुणी कालची साखर किती ते सांगतो आणि बाकीचे गोळीचं नाव विचारतात. चालायला माणसं आणि जागा लागते. नवी मुंबईत ती पायाखाली आहे, तिच्यासाठी भांडायला मात्र लागतं.

हे भांडण माझ्या चालण्याचं दुसरं कारण झालं. हिवाळ्यापासून मेपर्यंत आमच्याकडे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, झाली. खाडीत भरती आली की पक्षी नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. करावेजवळच्या टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेमागचं तळं आणि डीपीएस शाळेमागचं तळं या त्यांच्या विश्रांतीच्या जागा. चालताना एकदा काकूंना ते दिसले आणि त्यांनी शाळेतल्या मुलांना शिकवावं तसं मला सांगितलं, हा लहान रोहित, तो मोठा, चोचीकडे बघ. पुढे डीपीएस तळ्यात भरतीचं पाणी येणं थांबलं, तळं सुकलं, शेवाळाने भरलं. नागरिकांनी निवेदनं दिली, मानवी साखळ्या केल्या. त्या साखळीत आम्ही दोघीही उभ्या राहिलो, काकू घडीच्या खुर्चीवर. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याला मंजुरी दिली. तळ्यात पाणी आलं की नाही हे बघायला जायचं म्हणून मी कित्येकदा नेहमीपेक्षा दुप्पट चालले आणि घरी येईपर्यंत ते माझ्या लक्षातही आलं नाही. पक्षी बघायला जाणाऱ्या बाईला कुणी "किती उतरले?" असं विचारत नाही, हाही मोठा आराम होता.

पावसाळ्यात हे सगळं अडतं. ट्रॅकवर शेवाळ चढतं, आणि वजन पेललेल्या गुडघ्यांना घसरणं परवडत नाही. जून ते सप्टेंबर आम्ही इमारतीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारतो, गाड्यांच्या दोन रांगांमधून. कंटाळवाणं असतं. वॉचमन, दूधवाला, पेपरवाला यांच्याशी तेवढ्यात बोलणं होतं. पार्किंगमध्ये आता आणखी चार बायका येतात. त्यांच्यापैकी एकीचं दोन वर्षांपूर्वी माझ्यासारखंच ऑपरेशन झालं आहे. तिचा काटा अजून तिला दर आठवड्याला काहीतरी देतो आहे. पुढच्या वर्षासाठी मी तिला आत्तापासून आमच्यात धरून ठेवलं आहे.

पन्नाशीला दुसरी एक गोष्ट सुरू केली, ती आधीच करायला हवी असं मला कुणीतरी ठासून सांगायला पाहिजे होतं. वजनं उचलणं. चालण्याने दम वाढतो, गेलेला स्नायू चालण्याने फारसा परत येत नाही. आणि आपल्या लोकांत स्नायूचा प्रश्न मुळातच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात, हे त्यांनी स्वतःच्याच शरीरावर दाखवलं. काट्याचा आकडा किती अपुरा असतो, याचा इतका साधा पुरावा मी दुसरा पाहिला नाही. ज्या काट्यावर मी पाच वर्षं माझं मन टांगून ठेवलं होतं, त्याला चरबी आणि स्नायू यांतला फरकच कळत नाही.

सेक्टरमधल्या एका लहानशा जिममध्ये नाव घातलं. तिथल्या पोराने पहिल्या दिवशी मला ट्रेडमिलवर उभं केलं, कारण माझ्या वयाच्या आणि आकाराच्या बायका तिथेच उभ्या राहतात. मी म्हटलं, मला खुर्चीतून हात न टेकता उठता यायला पाहिजे, ते शिकव. त्याने बाक आणला. बसायचं, उठायचं, हात छातीशी घडी घालून. पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या दुखल्या की लोकलची पायरी चढताना दांडा धरून स्वतःला ओढून घ्यावं लागलं. मग दोन्ही हातांत दोन-दोन किलोचे डंबेल, मग पाच-पाच. आज मी पाच किलो तांदळाची पिशवी एका हातात घेऊन तीन मजले चढते. ऑपरेशननंतरच्या सगळ्या कौतुकात इतका आनंद मला झाला नव्हता, कारण हे दरवर्षी थोडं वाढत जातं. ते वाढताना वहीत दिसतं. वजन एका मर्यादेपलीकडे उतरणार नाही, ताकद मात्र माझ्या वयालाही वाढवता येते.

स्नायू हवा तर प्रथिनं हवीत. आमच्यासारख्यांना दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम लागतात असं सांगतात, आणि एवढ्याशा जागेत ती बसवायची म्हणजे क्रम ठरवावा लागतो. माझी एक लहान स्टीलची ताटली आहे. तीत आधी उसळ, अंडं नाही तर मासा, मग भाजी आणि शेवटी पोळीचा तुकडा किंवा भात. कुळथाचं पिठलं, मुगाची धिरडी, सुकट, दही. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासाने. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, भात शेवटी घेण्याची ही पद्धत पहिली दोन वर्षं बघवत नसे. आता त्या स्वतः ताटलीत आधी उसळ वाढून देतात. पंगतीतला आग्रह मोडून काढणं माझ्याच्याने झालं नाही, म्हणून मी एक सोय काढली. लग्नाकार्यात मी वाढायला उभी राहते. वाढणाऱ्याला कुणी वाढत नाही, आणि दोन पंगती वाढल्या की चांगलं चालणंही होतं.

गेल्या वर्षापासून वजन उतरवण्याच्या इंजेक्शनांबद्दल सगळे विचारतात. २०२५ मध्ये मोंजारो आणि वेगोव्ही ही दोन्ही भारतात आली. ऑपरेशननंतर वजन परत चढलेल्यांना डॉक्टर ती देतातही. मी घेत नाही, पुढे गरज लागली तर डॉक्टर सांगतील तसं करीन. त्यात कमीपणा काहीच नाही, मधुमेहाची गोळी घेण्यात आहे तितकाच. पण माझ्या जिममध्ये इंजेक्शन घेणारी एक बाई येते, तिलाही त्या पोराने खुर्चीतून उठायलाच लावलं. औषधाने वजन उतरतं तेव्हाही स्नायू जातात.

आज माझं वजन ८३ आहे. ११२ च्या तुलनेत २९ किलो कमी, ७९ च्या तुलनेत ४ किलो जास्त. काटा कपाटावरून खाली आला आहे. आठवड्यातून एकदा त्यावर उभी राहते. आकडा दोन-तीन किलोने सरकला तर फरसाणच्या डब्याकडे लक्ष देते आणि डॉक्टरांना फोन करते. चालणं त्या आकड्याला विचारून ठरत नाही. साखरेची एक लहान गोळी चालू आहे, रक्तदाबाची अर्धी.

ज्यांचं ऑपरेशन होऊन पाच-सात वर्षं झाली आहेत आणि वजन थोडं चढलं आहे, त्यांना एक विनंती करायची आहे. माझ्या ओळखीतले कितीतरी जण केवळ शरमेने तपासणीला जायचे थांबले आहेत. डॉक्टर काट्यावर उभं करतील, या भीतीने. कृपा करून जा. जठर लहान झाल्यावर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व कमी पडणं हा जन्मभराचा धोका आहे, तो वजनावर अवलंबून नाही. पायाला मुंग्या येतात, चालताना थकवा येतो आणि माणूस स्वतःला आळशी म्हणत बसतो. माझंही हिमोग्लोबिन एकदा आठवर गेलं होतं आणि मी उत्साह कमी पडतोय म्हणून स्वतःला कोसत होते. लोहाचं इंजेक्शन घेतलं, दोन महिन्यांत पाय चालायला लागले. वर्षातून एकदा रक्त तपासा, चढलेल्या वजनासकट जा.

आणि घरातल्या माणसांना, शेजाऱ्यांना, पंगतीत जिलबीचं ताट घेऊन फिरणाऱ्या मावशींनाही सांगणं आहे. आमच्यापैकी कुणी भेटलं तर किती किलो उतरले ते विचारू नका. उद्या सकाळी माझ्याबरोबर चालायला येतेस का, एवढं विचारा, आणि ठरल्या वेळेला खाली येऊन थांबा.